वाचणारे मूल, ऐकणारे घर

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की देणगीदारांची यादी, कार्यकारिणीचे निवेदन, वर्षभरातील कार्यक्रमांचा अहवाल हे सारे ओघाने येतेच. ते असावेही. यंदा मात्र संपादक मंडळाने आमच्याकडे जरा निराळी मागणी केली. येत्या वर्षावासापासून विहारात मुलांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी वाचनाच्या पैजा, शब्दांचे खेळ, पुस्तकपेटी असे गमतीचे उपक्रम सुरू करावयाचे ठरले आहे. त्यामागे काही इतिहास आहे का, असल्यास तो लिहून द्या, असे मंडळाचे म्हणणे पडले. आम्ही म्हटले, इतिहास नसायला काय झाले? भरपूर आहे. फक्त तो पुस्तकांच्या इतिहासात शोधून चालणार नाही, घरांच्या इतिहासात शोधावा लागेल.

आज वाचन म्हटले की डोळ्यांपुढे चित्र येते ते एका कोपऱ्यात एकटेच पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाचे. हे चित्र वाईट नाही. पण आपल्या समाजात अक्षर घरात शिरले ते असे एकट्याने नाही. घरात एकालाच वाचता येई आणि बाकीचे दहाजण कान देऊन ऐकत. आणि तो एक म्हणजे बहुधा घरातले पोरगेच असे, कारण शाळेची पायरी चढलेले तेवढेच. मुलाने वाचायचे आणि मोठ्यांनी ऐकायचे, अशी ही उलटी शाळा. मुलांच्या वाचनाविषयी काही करायचे तर या उलट्या शाळेची ओळख आधी करून घ्यावी, असे आमचे मत आहे.

सुरुवात महात्मा जोतीराव फुल्यांपासून करू या. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी दिवसभर कष्ट करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. हे सर्वांना पाठ आहे. त्याच १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात दोन हप्त्यांत छापून आला, हेही आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. तिच्याविषयी आपल्याकडे एक आठवण सांगितली जाते. परीक्षेनंतर बक्षीस म्हणून खाऊ-खेळणी देऊ केली, तेव्हा ते नको, आम्हाला ग्रंथालय द्या, असे ती म्हणाली म्हणे. आठवण तोंडोतोंडी वाढत जाते, तिचा शब्द न् शब्द धरून बसू नये. तरी शाळेत चार बुके शिकलेल्या पोरीला पाठ्यपुस्तकाबाहेरचे काहीतरी वाचायला हवे होते, एवढा तिचा अर्थ आम्ही घेतो. शाळा अक्षर देते. अक्षराला रोजची भाकर कोठून मिळणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्याचे एक उत्तर रामजी सुभेदारांच्या घरात सापडते. प. पू. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहून ठेवली होती तीत त्यांनी आपल्या लहानपणीच्या वाचनाची हकीकत सांगितली आहे. ती आपल्या प्रत्येक घरात एकदा तरी वाचली जावी. वडील कबीरपंथी. घरात शिस्त कडक. संध्याकाळी बहिणी आणि कथा ऐकायला जमलेली आणखी माणसे यांच्यासमोर लहान भिवाला बसवून रामायण-महाभारतातील भाग वाचायला लावीत. एक-दोन दिवस नव्हे, कित्येक वर्षे हा क्रम चालला होता. मुलाला तो फारसा रुचत होता असे नाही. हेच ग्रंथ का वाचायचे, असे त्याने पुढे वडिलांना विचारलेही. वडिलांचे म्हणणे असे की आपण अस्पृश्य, आपल्या पोरांच्या मनात कमीपणाची भावना घर करील, द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती वर चढले ते बघ, वाल्मीकी तर कोळी होता. मुलाचे त्याने समाधान झाले नाही, हेही बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे. भीष्म, द्रोण, कृष्ण त्यांना पटले नाहीत ते नाहीतच.

आम्हाला या हकीकतीत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, मुलाला वाचायला सांगितले तेव्हा त्याच्यापुढे खरेखुरे ऐकणारे होते. शिक्षकापुढे धडा म्हणून दाखवणे वेगळे आणि बहिणीला पुढे काय झाले ते ऐकायचे आहे म्हणून वाचणे वेगळे. दुसरी, वाचलेल्यावर प्रश्न विचारायची मुभा होती. बापाशी वाद घालायची मुभा त्या काळात, त्या घरात! पुढे जगभरच्या ग्रंथांशी वाद घालणाऱ्या माणसाची तालीम त्या संध्याकाळच्या वाचनात झाली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मुंबईला परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत हे कुटुंब राहू लागले तेव्हाचीही गोष्ट चरित्रकारांनी दिली आहे. त्याच खोलीत चूल, तेथेच लाकडे, तेथेच निजणे. मुलाने लवकर निजावे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागे राहून मग त्याला अभ्यासाला उठवावे, अशी पाळी लावलेली. मुलाला पुस्तक हवे झाले की सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि पुस्तक आणीत. म्हणजे भिवाच्या पुस्तकांत त्याच्या बहिणींचाही वाटा होता. घराने मिळून केलेले वाचन ते हे.

त्याच प्रस्तावनेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची हकीकत आहे. भिवा इंग्रजी चौथी पास झाला म्हणून समाजातील मंडळींना त्याचा सत्कार करायचा होता. चरित्रकार हा सत्कार मॅट्रिकच्या वेळचा, १९०७ चा, सांगतात. बाबासाहेब स्वतः चौथी म्हणतात. असो. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडिलांनी आधी साफ नकार दिला, केळुसकरांनी समजूत काढली तेव्हा कोठे सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी मुलाला आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. ते पुस्तक सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते. त्या एका पुस्तकाने पुढे काय केले हे सांगण्याची गरज या विहारात तरी नाही. हारतुऱ्याऐवजी पुस्तक देण्याची आपल्यातील सर्वांत जुनी नि सर्वांत फळलेली घटना ती हीच असावी.

आता याच्या शेजारी दुसरी एक हकीकत ठेवू. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी. यांना बुद्धाची पहिली ओळख झाली ती 'बालबोधमेवा' नावाच्या मराठी मुलांच्या मासिकातील छोट्याशा चरित्रलेखाने. हे मासिक अमेरिकन मिशनने चालविलेले, मुलांच्या करमणुकीसाठी आणि त्यांच्या धर्मप्रसारासाठी. म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या बालमासिकातला लेख वाचून गोव्यातील एक तरुण बुद्धाच्या शोधात निघाला, १८९९ साली घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा हिंडला आणि पाली शिकून आला. मुलांसाठी काढलेल्या चोपड्यांना कमी लेखणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कोणते पान कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो.

कोसंबी परत आल्यावर त्यांना महाराष्ट्रात राहून लिहिता यावे म्हणून दरमहा पन्नास रुपये देऊ केले ते पुन्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीच. बाबासाहेबांना कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपये दिले तेही त्यांनीच, आणि १९१३ साली अमेरिकेस पाठविले तेही त्यांनीच. तेव्हा मुलांच्या आणि घरांच्या वाचनाचा इतिहास लिहिताना बडोद्याला थांबणे भागच आहे.

सयाजीरावांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली भागात करून पाहिले आणि १९०६ साली सबंध संस्थानात लागू केले. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले की शाळा सुटली की वाचनही सुटते. शेतावर गेलेला पोरगा चार-पाच वर्षांत अक्षर विसरतो. मग शाळेवर केलेला खर्च पाण्यातच. अमेरिकेत त्यांनी गावोगावची मोफत वाचनालये पाहिली होती, म्हणून १९१० साली तिकडचे एक ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणून तीन वर्षे ठेवून घेतले. नोकरीवर आणलेल्या या साहेबाकडून महाराजांनी जे काम करून घेतले ते हिंदुस्थानात तोपर्यंत कोठेच झालेले नव्हते.

खेड्यातील वाचनालयाचा नियम अगदी सुटसुटीत होता. गावाने जेवढी रक्कम उभी करायची तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन होत. गावाने एकही पैसा उभा केला नाही तर काही नाही. भीक नको आणि नुसता हुकूमही नको, असा हा हिशेब. ज्या गावाला एवढेही जमत नाही तेथे फिरत्या वाचनालयाची लाकडी पेटी जाई. पेटीत निवडक पुस्तके, जाण्यायेण्याचे भाडेसुद्धा सरकारचे. गावात वाचून झाली की पेटी परत, मग दुसरी. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी जादूचा कंदील, चित्रांच्या काचा, पुढे सिनेमाचे यंत्र अशी एक शाखाच वेगळी काढलेली होती. न वाचणाऱ्याला वाचनालयातून हाकलून न देता त्याच्यासाठीही काहीतरी ठेवायचे, हा विचार आम्हाला फार मोठा वाटतो.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते. त्यात चित्रांची पुस्तके होती तशी बैठ्या खेळांची साधनेही होती. मुलाने खेळायला यावे आणि खेळता खेळता पुस्तकाला हात लावावा, अशी ती योजना. आज आपण ज्याला गमतीचे वाचन-उपक्रम म्हणतो त्याचे आपल्या भूमीवरील हे आजोबाच म्हणायचे. १९१२ पासून तेथून ग्रंथालयांविषयीचे एक मासिकही निघे, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत.

मात्र बडोद्याचे गुणगान करताना १९१७ साल विसरून चालत नाही. शिकून आलेले भीमराव करार पाळण्यासाठी त्याच बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून वरच्या मजल्यावर अंधाऱ्या, अडगळीच्या जागेत ते राहिले. तेथे विजेचा दिवा नव्हता, एक लहानसा कंदील तेवढा. वटवाघळे फडफडत. माणसांची सोबत नाही म्हणून ते पुस्तकांची सोबत धरीत आणि वाचत राहात. शेवटी काठ्या घेऊन जमाव आला, तीही जागा सोडावी लागली आणि सार्वजनिक बागेत बसून दिवस काढावा लागला. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या संस्थानाने खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या त्याच संस्थानाच्या राजधानीत पुस्तक वाचणाऱ्या या एका माणसाला छप्पर मिळाले नाही. राजाने वाचनालय दिले, शेजाऱ्याने दार लावले. म्हणून नुसती पुस्तके वाटून भागत नाही, वाचणाऱ्याभोवती माणसे लागतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा म्हणतो.

ती माणसे पुढे उभी राहिली. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये, समाजकेंद्रे व अभ्यासवर्ग काढणे हेही होते. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू झाले, तेथल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले आणि त्याच्या जोडीला हॉकी क्लबही. वाचन आणि खेळ एकाच सभेच्या कामात. आज आमच्यातील काही मंडळी 'विहारात खेळ कशाला' म्हणून नाके मुरडतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

वर्तमानपत्रांची कथा तर सर्वांना ठाऊकच आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला, 'जनता' १९३० ला, 'प्रबुद्ध भारत' १९५६ ला. अंक किती खपत यावरून ते किती पोहोचले याचा अंदाज करणे व्यर्थ आहे. आमच्या विहारातील जुनी माणसे सांगत, वस्तीत अंक एक यायचा. रात्री गिरणीची पाळी सुटली, भाकरी खाऊन झाली की चाळीच्या गॅलरीत, नाहीतर गावाकडे चावडीपुढे कंदिलाखाली माणसे बसत आणि पाचवी-सहावीतल्या पोराला मध्ये बसवत. पोरगे अडखळले तर कोणी हसत नसे. 'सावकाश वाच रे बाबा, पुन्हा वाच' म्हणत. अग्रलेखातील जड शब्द पोराला कळत नसे, पण त्याचा अर्थ ऐकणाऱ्यातला एखादा अडाणी म्हातारा बरोबर सांगे, कारण ते दुःख त्याने भोगलेले असे. अक्षर पोराचे, अर्थ म्हाताऱ्याचा. दोघे मिळून एक लेख पुरा व्हायचा.

बायाबापड्यांच्या वाट्याला हेही सहजी आले नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी सांगितले आहे की त्यांच्या लहानशा किराणा दुकानात पुड्या बांधण्यासाठी जी रद्दी यायची ती त्या आधी वाचून काढत. लिहिलेले कागद तर वीस-एक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले आणि मुंबईत दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे पाहत अक्षरओळख पक्की केली, हे सर्वश्रुत आहे. पुडीचा कागद आणि दुकानाची पाटी ही आपली पहिली क्रमिक पुस्तके! पुस्तक नाही म्हणून वाचन अडते, ही सबब आपल्या माणसांनी कधीच दिली नाही.

धम्मदीक्षेनंतर वाचनाला एक ठरलेला काळ मिळाला, वर्षावासाचा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला, मराठी अनुवाद १९७० साली आला. तो आल्यावर ग्रंथ खऱ्या अर्थाने आयाबहिणींच्या कानी पडू लागला. रोज थोडा थोडा भाग, तीन महिने, एक वाचणार, बाकीच्या पांढरी वस्त्रे नेसून ऐकणार, समाप्तीला खीरदान. एवढा मोठा ग्रंथ घरचा कामधंदा सांभाळून दरवर्षी पुरा करावयाचा, ही पैज नव्हे तर काय? या वाचनामुळेच कितीतरी घरांतल्या मुलींना चारचौघांत खणखणीत वाचायची सवय लागली. पुढे त्या शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. कुठल्याही अहवालात ही नोंद मिळणार नाही, पण आपल्या डोळ्यांपुढची उदाहरणे आहेत.

बाहेरच्या जगातही मुलांच्या वाचनाच्या पैजा झाल्या आहेत. अमेरिकेत क्लीव्हलँड शहराच्या ग्रंथालयाने १८९७ साली मुलांचा एक वाचक-संघ काढला होता, पुस्तक स्वच्छ ठेवीन असे वचन देऊन मुले त्याची सभासद होत. ब्रिटनमध्ये १९९९ पासून दर उन्हाळी सुटीत सहा पुस्तके वाचण्याची पैज सार्वजनिक ग्रंथालयांतून लावली जाते. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु तेथे कोपऱ्याकोपऱ्यावर ग्रंथालय आहे आणि घरी वाचून दाखवणारे आईबाप आहेत, हे धरून त्या चालतात. आपल्याला जवळचे आहे ते कोसबाडचे काम. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी पाड्यावरच अंगणवाडी भरविली. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. शिकवायला पाने, बिया, खडे, शिंपले. विकत काही नाही. याच काळात १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे राज्यभर पसरली. सबंध गावाने साक्षर व्हायचे, झाले की ग्रामगौरव समारंभ. पैजच ती, गावाने गावाशी लावलेली. १९७२ साली तिला युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. गुलाल उधळला गेला, पण पाठोपाठ पुस्तके पुरेशी पोहोचली नाहीत आणि पुष्कळांचे अक्षर पुन्हा पुसले गेले. बडोद्याच्या महाराजांनी जे ओळखले होते तेच.

आता आजच्या परिस्थितीकडे येऊ. ग्रामीण भागातील मुलांच्या वाचनाची जी 'असर' पाहणी होते, तीत २०२२ साली देशभरात पाचवीतील शंभर मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२४ साली हा आकडा ४९ च्या आसपास गेला. सुधारणा आहे, पण निम्मी मुले मागेच आहेत, आणि ती कोणाची मुले हे आपल्याला कोणी सांगायला नको. शासनाने २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन ठरविला, २०१७ साली महाबळेश्वराजवळ भिलार हे पुस्तकांचे गाव केले. त्यांचे स्वागतच. तरी एक दिवस वाचन आणि तीनशे चौसष्ट दिवस मोबाईल, असे व्हायला नको.

आपल्या वस्तीत अडचण थोडी वेगळी आहे. पोरं इंग्रजी माध्यमात गेली. जावीतच, इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणतात हे आपण अभिमानाने सांगतोच. परंतु पोराचे पुस्तक आजीला कळेना आणि आजीची भाषा पोराला वाचता येईना. शंभर वर्षे जी उलटी शाळा चालली, पोराने वाचायचे नि म्हाताऱ्यांनी ऐकायचे, ती याच एका पिढीत बंद पडू लागली आहे. आमच्या जिवाला लागलेली चिंता आहे ती ही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आपली माणसे पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतात, पिशव्या भरून आणतात. ती पुस्तके मग बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फळीवर मांडली जातात. किती घरांत ती उघडली जातात, ते ज्याने त्याने आपल्या फळीकडे पाहून ठरवावे.

म्हणून उपक्रम ठरवताना आम्ही एक गोष्ट आग्रहाने मांडली, पैज मुलाशी लावू नका, घराशी लावा. एका ठिकाणी आम्ही पाहिले आहे, जास्तीत जास्त पुस्तके वाचणाऱ्यास ढाल, अशी स्पर्धा होती. महिन्यात पन्नास-पन्नास पुस्तकांची नावे मुलांनी लिहून आणली. त्यातल्या एका पुस्तकात काय आहे म्हणून विचारले तर मुखपृष्ठापलीकडे गाडी जाईना. ढाल दरवर्षी त्याच दोन-तीन घरांत, आणि ज्याला वाचायला जड जाते तो पोरगा दुसऱ्या वर्षी फिरकतच नाही. अशा चढाओढीने वाचणारे वाढत नाहीत.

आपल्या विहाराची पुस्तकपेटी आठवड्याला एका घरी जाणार. मुलाने वाचायचे आणि घरातील निदान दोघांनी ऐकायचे. पेटीतल्या वहीत मुलाने काय वाचले ते लिहायचे नाही, ऐकणाऱ्याने काय विचारले ते लिहायचे. आजोबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पोराला आले नाही तर उत्तम, तो प्रश्न रविवारी विहारात आणायचा. लहानग्यांसाठी पाटीवाचन ठेवले आहे. विहारापासून रेल्वे स्टेशनापर्यंत चालत जायचे, दुकानांच्या पाट्या वाचायच्या, चुकीचे छापलेले शब्द हुडकायचे. अशा चुका भरपूर निघतात आणि दुसऱ्याची चूक काढण्यात मुलांना भारी गंमत येते! गावांच्या नावांच्या भेंड्या, कोडी, जातककथा वाचून तिचा शेवट न सांगता थांबणे आणि शेवट पोरांनी नाटक करून दाखवणे, हेही आहे. जातककथा ५४७ आहेत, तेव्हा माल संपण्याची काळजी नाही.

यात आम्हाला सर्वांत प्रिय उपक्रम आहे तो ओव्यांचा. आपल्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, भीमरायाच्या ओव्या येतात. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यात बाबासाहेबांवरच्याही खूप आहेत. ज्या बायांना सही येत नव्हती त्यांच्या या रचना. तेव्हा पोराने एक पान वाचून दाखवायचे, त्याच्या बदल्यात आजीने एक ओवी सांगायची आणि पोराने ती मराठीत उतरवून घ्यायची. इंग्रजी माध्यमातल्या पोराची ऱ्हस्व-दीर्घाची तारांबळ उडेल, उडू द्या. आजीला ते दिसणार नाही, आणि तिची ओवी कागदावर आलेली पाहून ती पोराच्या डोक्यावरून जो हात फिरवील तो कोणत्याही ढालीपेक्षा मोठा.

वर्षावासाच्या वाचनातही बदल करण्याचे ठरले आहे. रोजच्या भागातील शेवटचे एक पान मुलाने किंवा मुलीने वाचायचे. पाळी घराघराने. अडखळल्यास कोणी शब्द पुरवायचा नाही, थांबायचे. काही उपासिकांनी शंका काढली की यामुळे वाचन लांबेल, स्वयंपाकाला उशीर होईल. शंका रास्त आहे. त्यासाठी वेळ पंधरा मिनिटे अलीकडे घेऊन संध्याकाळी पावणेसातची केली आहे.

पेटी सुताराकडून करून झाली, बिजागरी आणि कडी बसवायची बाकी आहे. सध्या तीत चाळीस पुस्तके आहेत. ज्यांच्या घरी 'चांदोबा'चे जुने अंक असतील त्यांनी ते आणून द्यावेत, कारण ते मासिक आता निघत नाही. 'किशोर' बालभारतीकडून १९७१ पासून अजून निघते, त्याची वर्गणी एका उपासकाने यंदापुरती भरली आहे. पाने सुटली असतील तरी चालेल, शिवून घेण्याचे काम दहावीच्या मुलांनी अंगावर घेतले आहे. पेटी पहिल्या आठवड्यात कोणाकडे जाणार याची चिठ्ठी आषाढ पौर्णिमेला वंदनेनंतर सर्वांत लहान मुलाच्या हातून काढली जाईल. नावे त्याआधीच्या रविवारपर्यंत फळ्याशेजारच्या वहीत लिहावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे नाव त्यांच्या नातवंडाने लिहावे.